नवेगावबांध पाहिलंय का? आठवणी लिहा (अनुभव धागा)

रानजाई
काल भाचीने धानाच्या बांधीत उभ्या सारस जोडीचा फोटो पाठवला आणि मला एकदम गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध आठवलं. आईचं माहेर त्या बाजूचं. लोक तिथे वाघासाठी जातात, माझा जीव मात्र तलावात. अठराव्या शतकात कोलू पटेल कोहळी यांनी तो बांधला. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सातबहिणी. त्यांनीच कोलूला हात दिला, असं आजी सांगायची. कोलू पुढे कोलासूर देव झाला आणि टेकडीवर त्याचं ठाणं आहे. १९७५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ ला शेजारच्या नागझिरा अभयारण्यासोबत व्याघ्र प्रकल्प. तरी तळं बांधणाऱ्याला लोक अजून नारळ फोडतात, याचं मला फार अप्रूप आहे. तुम्ही गेला असाल तर लिहा, फोटो नसले तरी चालेल.

पाणकावळा
हिवाळ्यात पहाटे तलावाच्या पाळीवर (बांधावर) उभं राहायचं. आधी नुसता आवाज येतो, धुकं विरलं की बदकं दिसतात. दुर्बीण न्याच.

शुभदा_के
आम्ही गेलो तेव्हा पक्षी कमी आणि शिंगाडे जास्त 😀 काठावर एका ढिवर (मासेमार समाजाच्या) काकूंनी सोलून दिले. हिरव्या शिंगाड्याचं टोक नखाखाली घुसलं की काय कळ येते! काकू मात्र गप्पा मारत, न बघता सोलत होत्या.

झाडीतला
मी अर्जुनी मोरगावचा जी. वाचून बरं वाटलं. आमच्याकडे गावोगावी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव) आहेत, नवेगाव त्यातला मोठा. बेशरम (तलावात पसरणारं तण) माजली की मासोळी जाते. काही गावांत ढिवर बायांनी स्वतः पाण्यात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासोळी परत आली. जंगलाचं कौतुक सगळेच करतात, या बायांचंही करा.

रानजाई
@झाडीतला अगदी! तुम्ही वेगळा धागा काढाच यावर.

मेघनाची_आई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. दिवाळीनंतर गेलात तर मंडई (तिकडची गावजत्रा) आणि रात्रीचं झाडीपट्टी नाटक चुकवू नका. आम्ही जंगल बघायला गेलो आणि पहाटेपर्यंत नाटकच बघत बसलो. थंडीत शेतात मंडप, बायका पोरांना गोधडीत घेऊन बसलेल्या, आणि नायिका रडली की अख्खा मंडप रडतो. सासूबाई अजून त्यातली गाणी म्हणतात. शिट्टी झाली, येते.

वऱ्हाडी_ठेचा
नाटक म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा! बहुतेक नाटक कंपन्या तिथल्याच. माझे काका पेटी वाजवायचे. सीझनमध्ये घरी फक्त झोपायला यायचे, काकू म्हणायची नवरा होळीनंतर मिळतो 😂

शुभदा_के
काकूंना दंडवत!!

नवखा_भटक्या
गोठणगावची तिबेटी वसाहत जवळच आहे ना? आणि पुण्याहून गाडी न्यावी की रेल्वे?

झाडीतला
हो, गोठणगाव जवळच. इटियाडोह धरणही बघा. रेल्वेने गोंदियाला या, तिथून बल्लारशा लाईनवर देवलगाव स्टेशन. सारस मात्र नवेगावला शोधू नका, त्यासाठी गोंदियाकडच्या धानबांध्या बघाव्या लागतील. शेतकऱ्याला विचारून, लांबूनच. घरट्याजवळ अजिबात जायचं नाही.