मदत हवी आहे: आर्ट प्रोजेक्टचा पुठ्ठा वाकलाय, सोमवारी सबमिशन

कोथरूडची_आई
लेकीचा फायनल आर्ट प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. नदी केलीये. कालपासून पुठ्ठ्याचे चारही कोपरे वर उचललेत आणि लगदा आतून ओलाच आहे, बोट दाबलं की खड्डा पडतो. वासही यायला लागलाय. रात्रभर पंख्याखाली ठेवला होता. सपाट कसा करायचा? प्लीज लवकर सांगा.

रंगपेटी
कसला लगदा? किती जाड? खाली कुठला पुठ्ठा, आकार काय, थीम काय दिलीये? नुसतं 'नदी केलीये' यावरून काय सांगणार!

पेठेतला_काका
मुठा असेल तर लगदा हवाच कशाला? तांब्याचा पत्रा घ्या. कसब्यात तांबट आळीत मठारकाम बघून या एकदा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला गोल खळगा उमटतो, त्यावर उजेड पडला की पाणी हलल्यासारखं दिसतं.

कोथरूडची_आई
काका, आज शुक्रवार आहे हो! पत्रा कधी शिकणार ती?
लगदा वर्तमानपत्राचा, मैद्याच्या खळीत. इंचभर तरी जाड. पुठ्ठा टीव्हीच्या खोक्याचा, दोन बाय दीड फूट. नववी. थीम 'आठवण'.

दहावीचा_बाबा
मुलीने चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्यात का? एसएससीला श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. आमच्याकडे उशिरा कळलं, फार हळहळलो.

रंगपेटी
इंचभर!! वरचा थर आधी वाळतो, आकसतो आणि पुठ्ठ्याला वर खेचतो. आतला मैदा तोवर आंबतो. वर वजन ठेवू नका, लगदा दबेल. हे वाचणार नाही ताई, काढून टाका.
भवानी पेठेत टिंबर मार्केटला 6 मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) मापात कापून मिळेल. आधी दोन्ही बाजूंना पातळ फेविकॉलचा हात द्या, एकाच बाजूला दिलात तर तोही वाकेल. लगदा घट्ट पिळून फेविकॉलमध्ये मळा आणि जेमतेम 3-4 मिमी थापा. आज रात्री थापलात तर रविवारी रंगवता येईल.

निवृत्त_कलाशिक्षक
खळ फेकून द्यायची गरज नाही. चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, बुरशी धरत नाही. बाइंडिंगवाले घालायचे.

रंगपेटी
सर, मोरचूद विषारी आहे. मुलगी उघड्या हातांनी लगदा मळणार, तिच्या हातात ते अजिबात नको.

निवृत्त_कलाशिक्षक
हातमोजे घालावेत. तीस वर्षं मुलांकडून करून घेतलंय.

संगमावरून
थीम 'आठवण' आणि केलीये नदी. कुणाची आठवण?

कोथरूडची_आई
माझ्या सासूबाईंची. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती, त्यांच्या डोक्याच्याही वर. लेकीला ही गोष्ट पाठ आहे.

पेठेतला_काका
पानशेतच्या पाण्याने त्याच दिवशी खडकवासलाही गेलं. आमच्या वडिलांनी लकडी पुलावरून पाणी जाताना पाहिलंय. पुण्याला कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं. आजच्या मुलांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

संगमावरून
ताई, मग नदी कशाला? ती भिंत करू द्या. सपाट काम आहे, वेळेत होईल आणि ते तिचं असेल. शाळा स्केचबुक मागते ना? त्यात हा वाकलेला पुठ्ठाही फोटो काढून लावा, का वाकला ते तिच्याच शब्दांत लिहू द्या.

कोथरूडची_आई
स्केचबुक आत्ता उघडून बघितलं. तिसऱ्या पानावर भिंतच आहे, कोनाडा, खुंटी, सगळं. नदी उठून दिसेल असं मीच म्हटलं होतं. चुकलंच माझं. नवरा एमडीएफ आणायला गेलाय, ती लगदा उचकटतेय.
आता एकच सांगा. आजी म्हणतात रेघ तांबडी नव्हती, काळपट राखाडी होती, वाळल्यावर तिला भेगा पडल्या होत्या. पोस्टर कलरने ते येईना.

रंगपेटी
रंग नकोच. गाळाची काळी माती वाळवून चहाच्या गाळणीने चाळा, पाण्यात कालवून फेविकॉल अगदी थोडा घाला. फेविकॉल जास्त झाला तर भेगा पडणार नाहीत. आधी उरलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर करून बघा.