उमेदवार-भेट: कोणाला बोलवायचं? हॉल तीनच तास आहे

मंडळी,
मेरीलँडमधल्या आपल्या माँटगोमेरी काउंटीच्या कौन्सिलसाठी उभे असलेले उमेदवार भेटीला बोलवायचेत, हॉल रविवारी २ ते ५ मिळालाय. अ‍ॅट-लार्जचे, म्हणजे अख्ख्या काउंटीच्या मतांवर निवडून येणारे, सगळे उमेदवारही बोलावले तर एकेकाला चार मिनिटं जेमतेम मिळतील. नंदूकाका म्हणतात फक्त डिस्ट्रिक्ट २ चे, म्हणजे त्यांच्या क्लार्क्सबर्ग भागाचे बोलवा. निमंत्रणं उद्या जायला हवीत. मागच्या वेळचा गोंधळ नको.
– मेधा

मेधा,
फक्त डिस्ट्रिक्टचेच. २००६ साली क्लार्क्सबर्गला घर घेतलं तेव्हा विक्रीच्या ऑफिसातल्या नकाशावर एम-८३ हा नियोजित मोठा रस्ता होता. १९९४ च्या आराखड्यातली घरं सगळी उभी राहिली, रस्ता आणि ट्रान्झिटवे (बससाठीचा वेगळा मार्ग) कागदावरच. सकाळी हायवे २७० वर आम्ही तासन्‌तास बसतो. अ‍ॅट-लार्जच्या चौघांना अख्ख्या काउंटीची मतं लागतात, आणि मतं दाट कुठे? खाली सिल्व्हर स्प्रिंग, बेथेस्डाकडे. ते तिकडेच फिरणार. २०२० ला मतपत्रिकेवरच्या प्रश्न डी साठी मी थंडीत सह्या गोळा केल्या होत्या: नऊच्या नऊ डिस्ट्रिक्ट, अ‍ॅट-लार्ज बंद. हरलो, पण म्हणणं खरंच होतं.
– नंदूकाका

काका,
तुमचा त्रास खरा आहे, पण मी तेव्हा मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या प्रश्नाला, सी ला मत दिलं आणि आजही देईन. सी मुळे पाचाचे सात डिस्ट्रिक्ट झाले, २०२२ ला त्यावर पहिली निवडणूक झाली. पूर्वी एकाच्या वाट्याला दोन लाखांवर माणसं यायची, आता साधारण दीड लाख. अ‍ॅट-लार्ज चारच राहिले. म्हणजे तुम्ही, मी, कोणीही अकरापैकी पाच जण निवडतो. डी आलं असतं तर नऊपैकी एक! अकरा जणांत बहुमत सहाचं. पाच जण माझ्या मताला बांधलेले असतील तर ती गोष्ट मी सोडणार नाही.
शिवाय आपण मराठी लोक एका जागी कुठे आहोत? रॉकविल, गेथर्सबर्ग, जर्मनटाउन, सगळीकडे थोडे थोडे. एका डिस्ट्रिक्टात आपली संख्या कधीच भरणार नाही. काउंटीभर मत मागणाऱ्याला मात्र आपण एकत्र भेटू शकतो.
– श्रीरंग

पुण्यात २०१७ ला चार नगरसेवकांचा प्रभाग झाला. आईच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा चौघांना फोन केले, प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. नंदूकाकांचं दुखणं तेच आहे.
– सुलभा

सुलभाताई, ते चौघे एकाच प्रभागाचे होते. इथे डिस्ट्रिक्टचा माणूस वेगळा आहेच, ड्रेनेजसाठी त्यालाच धरायचं.
– श्रीरंग

शेजारच्या आमच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत उलटं झालं. नऊ डिस्ट्रिक्ट होते, २०१६ ला मतदान घेऊन दोन अ‍ॅट-लार्ज वाढवले, २०१८ पासून ते बसतात. प्रत्येकजण आपल्याच डिस्ट्रिक्टापुरतं बघतो ही तक्रार आमच्याकडेही होती.
– विद्याधर

आमच्या व्हर्जिनियाच्या काउंट्यांत बघा: लाउडनला आठ डिस्ट्रिक्ट आणि फक्त चेअर (मंडळाचा अध्यक्ष) काउंटीभर. फेअरफॅक्सला नऊ आणि चेअर. आर्लिंग्टनचे पाचही काउंटीभर. आम्हा व्हर्जिनियावाल्यांनी या सभेला यायचं की नाही? गाडीची सोय करावी लागते म्हणून विचारतेय.
– अंजली

अंजली, ये गं. चहा आपलाच आहे.
– मेधा

एक लक्षात घ्या. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहोत, एका उमेदवाराची बाजू घेता येत नाही. नंदूकाकांनी मला फोनवर एकच ओळखीचं नाव सुचवलं, ते चालणार नाही. एका जागेचे बोलवायचे तर त्या जागेचे सगळे बोलवा. आणि शाळा मंडळाचं वेगळं आहे: तिथे डिस्ट्रिक्टच्या जागेला उमेदवार त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा हवा, पण मत सगळी काउंटी देते. मागच्या वेळी यावरच अर्धा तास वाद झाला होता.
– खजिनदार

ओळखीचा म्हणून नाही सुचवलं. तो आमच्या बैठकांना दर वेळी येतो म्हणून सुचवलं. असो, सगळे बोलवा.
– नंदूकाका

अजून एक, पक्ष नोंदवलेला नसेल तर जूनच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारं आधीचं मतदान) कौन्सिलसाठी मत देता येत नाही. इथे खरी निवड प्रायमरीतच होते. माझ्या मुलाला २०२२ ला हे केंद्रावर कळलं. नोंदणी आत्ताच तपासा, पक्ष बदलायची मुदत आधीच संपते.
– सुलभा

ठरलं. पहिला तास डिस्ट्रिक्ट २, पुढचे दोन तास अ‍ॅट-लार्ज, प्रत्येकी चार मिनिटं, नावं चिठ्ठ्या टाकून. काका, एम-८३ चा प्रश्न दोन्ही गटांना तुम्हीच विचारा. घड्याळ कोण सांभाळणार ते आज रात्रीपर्यंत कळवा.
– मेधा