मदत हवी आहे: मधुमेहींच्या हातावरच्या शिरेत ४० मेगाहर्ट्‌झने रक्तपेशींचे गुच्छ मोजताना स्लोप फसवतोय

हाताच्या मागच्या बाजूची शीर, अल्ट्रासाऊंडचा ४० मेगाहर्ट्‌झ प्रोब, वर जेलचा जाड थर. आधी विश्रांतीत आरएफ सिग्नल (प्रतिध्वनीचा कच्चा सिग्नल) घेतो, मग दंडाला कफ बांधून प्रवाह थांबवतो. थांबलेल्या रक्तात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या जुळतात. सुट्या पेशींचा परतावा (परतून येणारा प्रतिध्वनी) वारंवारतेच्या चौथ्या घातात वाढतो, गुच्छ झाले की स्पेक्ट्रल स्लोप (वारंवारतेनुसार परतावा वाढण्याचा चढ) उतरतो. इथवर ठीक.

घोळ असा, की वरची त्वचाही उच्च वारंवारता जास्त खाते, त्यामुळे जाड त्वचेच्या रुग्णात गुच्छ नसतानाही स्लोप कमीच दिसतो. म्हणून त्याच माणसातला आधी-नंतरचा फरक धरतो. पण कफ सावकाश फुगला तर शीर फुगते, खोली बदलते आणि फरकही बिघडतो. कफचा दाब सिस्टोलिकच्या (वरच्या रक्तदाबाच्या) वर झटकन नेणं त्यातल्या त्यात बरं. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली धमनी-शीर) असलेला हात अर्थातच वर्ज्य.

विचारायचंय ते असं: शिरेच्या पुढच्या भिंतीच्या रिव्हर्बरेशनपासून (पुन्हापुन्हा उमटणाऱ्या प्रतिध्वनींपासून) गेट, म्हणजे मोजणीची खिडकी, किती खाली ठेवता? संदर्भ सिग्नल मागच्या भिंतीचा घेता की फँटमचा (चाचणीसाठीच्या नमुना पदार्थाचा)? आमच्याकडे भिंतीचा एको क्लिप होतो (मर्यादेबाहेर जाऊन कापला जातो), गेन उतरवला तर रक्त गोंगाटात बुडतं. आणि हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची) दुरुस्ती कुणी करतं का?