मदत हवी आहे: आरएक्स-८ ओव्हरफ्लो झाली (इंजिनात पेट्रोल तुंबलं), आता इंजिन गरम असतानाही लवकर स्टार्ट घेत नाही

आठफूट_मागे:

मंडळी, मी इंग्लंडात रेडिंगला असतो. गाडी माझदा आरएक्स-८, २००५ची, २३१ हॉर्सपॉवरवाली, रनिंग ७१ हजार मैल. १९९१ला ल माँची शर्यत जिंकलेली गाडी रोटरी इंजिनाचीच होती (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते), त्या वेडापायी सेकंडहँड घेतली. बायकोचं मत वेगळं आहे, ते इथे नको.

गेल्या मंगळवारी सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायचा होता आणि गाडी आडवी. बाहेर २ अंश. सेल्फ मारला, आठ फूट मागे घेतली, बंद केली. डबा ठेवून आलो आणि परत सेल्फ मारला तर नुसतं घर्रर्र. पाच-सहा वेळा मारल्यावर पेट्रोलचा भपकारा आला आणि बॅटरी बसली. चूक माझीच. थंड गाडी चालू करून लगेच बंद करू नका, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला. चौथ्या खेपेला फुट-फुट करत पेटली आणि अख्खी गल्ली पांढऱ्या धुरानं भरली.

आता सकाळी थंड असताना बरी स्टार्ट होते. पण पंपावर पेट्रोल भरून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की सात-आठ सेकंद नुसती फिरते. जवळच्या गॅरेजवाल्यानं प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजायचा गेज लावला आणि ‘कॉम्प्रेशन गेलं, इंजिन उतरवा’ म्हणून मोकळा झाला. खर्च ऐकून घशाला कोरड पडली. इंजिन उतरवण्याआधी काय काय तपासू?

तीनकोनी:

आधी त्या गेजचं बघू. साधा गेज पिस्टनच्या इंजिनासाठी असतो. तुमच्याकडे दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा आकडे हवेत. साधा गेज तिघींतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो. एका बाजूचं सील (रोटरच्या कडेची, दाब धरणारी पट्टी) गेलेलं असलं तरी त्याला पत्ता लागत नाही. रोटरीचा टेस्टर वेगळा मिळतो, तो तिन्ही आकडे देतो आणि इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरत होतं तेही सांगतो. फेऱ्या माहीत नसतील तर कॉम्प्रेशनचा आकडा कुचकामी. २५० फेऱ्यांना नव्या इंजिनाचं ८३० किलोपास्कल, किमान ६८०.

ओव्हरफ्लोचं म्हणाल तर थंड इंजिनाला संगणक सढळ हातानं पेट्रोल सोडतो. तेवढ्यात बंद केलं की ते न जळता आत राहतं आणि सीलवरची तेलाची फिल्म धुऊन काढतं. तेल गेलं की सील धरत नाही, कॉम्प्रेशन पडतं, गाडी पेटत नाही. मग आपण आणखी सेल्फ मारतो, आणखी पेट्रोल जातं. अॅक्सिलरेटर तळाला दाबलात ते बरोबर केलंत. तसं केलं की सेल्फ मारताना इंजेक्टर बंद राहतात.

चोक_ओढा:

आमचे बाबा टू-स्ट्रोक स्कूटर आडवी करायचे, मग प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे. तुम्हीही आडवी करून बघा 😄

रात्रपाळी:

थंड असताना ठीक आणि गरम असताना त्रास, हे लक्षण कॉम्प्रेशनचंच म्हणतात. पण मंद स्टार्टरही (सेल्फची मोटर) हुबेहूब तेच नाटक करतो. या गाडीला माझदानं पुढे जास्त वेगानं फिरवणारा स्टार्टर दिला, तो उगाच नाही. तुमच्याकडे जुनाच असणार. आधी बॅटरी, मग चारही प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या), मग स्टार्टर. टेस्ट त्यानंतर. प्लग काढताना डावं पुढचं चाक काढा, हात सरळ पोचतो. खालच्या दोन प्लगना लीडिंग म्हणतात, वरच्या दोनांना ट्रेलिंग. अदलाबदल करू नका. आणि कोणी ढकलस्टार्ट सुचवलं तर ऐकू नका, कच्चं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं तर तोही खर्च.

आठफूट_मागे:

शनिवारी प्लग काढले. खालचे दोन्ही काळे आणि ओले, बोटाला चिकट पेट्रोल-तेल लागलं. वरच्यांतला एक कोरडा, दुसऱ्याचं टोक झिजून गोल. कॉइलवरची तारीख २००५! स्टार्टरचा आवाज आजवर मला नॉर्मलच वाटायचा. रात्रपाळीनं दिलेल्या व्हिडिओतली गाडी ऐकली आणि कळलं, आपली म्हातारी खोकतेय.

तीनकोनी:

कॉइल चारही बदला, एकेक नको. आणि टेस्ट इंजिन गरम असतानाच करून घ्या.

आठफूट_मागे (तीन आठवड्यांनी):

बॅटरी, प्लग, कॉइल नवे. मग रोटरीचंच काम करणाऱ्या माणसाकडे नेली. जुन्या स्टार्टरवर इंजिन १९० फेऱ्यांनीच फिरत होतं, तो आकडा बघून त्यानं टेस्टच थांबवली. नवा स्टार्टर बसवला आणि सुई २५०च्या आसपास आली. पुढचा रोटर ७२०, ७३०, ७१०. मागचा ६९०, ७००, ६९०. मागचा काठावर आहे, सहा महिन्यांनी परत ये म्हणाला. इंजिन उतरवायची गोष्टही काढली नाही.

पंपावर गरम गाडी आता दोन सेकंदांत स्टार्ट होते. कचऱ्याचा डबा मी गाडीच्या पलीकडे, फाटकापाशी हलवलाय.