किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनचा डीएनए नमुना: कशात ठेवायचा, किती लागतात?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. दापोली-गुहागरपासून मालवणपर्यंत कुबडवाल्या डॉल्फिनच्या टोळ्या दिसतात. त्या एकमेकींत मिसळतात का, हे मेलेल्या जनावरांच्या नमुन्यांवरून ठरवता येईल? कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारतोय. फॉर्मॅलिन लॅबमध्ये भरपूर आहे.

मचवा:
फॉर्मॅलिनला हात लावू नका. त्याने डीएनए प्रथिनांना चिकटतो आणि तुटतो, मग पीसीआर (तपासणीसाठी डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) नीट चालत नाही.

आधी परवानगी. हे जनावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेल्यावरसुद्धा त्याचा दातही परस्पर उचलता येत नाही. १९२६ वर वनविभागाला कळवा, पंचनामा होऊ द्या आणि नमुना त्यांच्यासमोरच घ्या. संशोधनाची लेखी परवानगी वेगळी काढावी लागते.

उन्हाकडची कातडी लवकर सोलवटते, म्हणून वाळूला टेकलेल्या बाजूची घ्या. तीही गेली असेल तर आतला स्नायू, आणि नुसता सांगाडा उरला असेल तर दात. तुकडे १ सेंमीपेक्षा मोठे नकोत. मोठ्या तुकड्यात इथेनॉल आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो. ९५ टक्क्यांवरचं इथेनॉल तुकड्याच्या निदान ५ पट ठेवा. मांसातलं पाणी सुटून ते पातळ होतं, म्हणून एका दिवसाने बदला. सॅनिटायझर किंवा जळाऊ स्पिरिट चालणार नाही. इथेनॉल नसेलच, तर सुक्या मासळीचं जाडं मीठ भरपूर लावून पिशवी घट्ट बांधा, तात्पुरतं भागतं.

दर जनावराला नवं ब्लेड, हातमोजे आणि मास्क. ब्रुसेला हा जिवाणू माणसाला लागू शकतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते.

सड्यावरून:
नमुना नीट घेतलात तरी खरी अडचण पुढेच आहे. मेलेलं जनावर लागतं तिथे ते राहत होतं असं नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. मालवणला लागलेलं जनावर वरच्या अंगाचं असू शकतं. म्हणून तारीख, जीपीएस आणि कुजण्याची अवस्था नोंदवलीच पाहिजे. अगदी ताजं असेल तरच ‘इथलं’ म्हणायचं धाडस करा.

पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, केंद्रकातला आई-बाप दोघांकडून. माद्या एका जागी आणि नर फिरते असतील, तर मायटोकाँड्रिया टोळ्या वेगळ्या दाखवेल आणि केंद्रकातला डीएनए एकच. दोन्ही बघा, केंद्रकातल्या मायक्रोसॅटेलाइटची (डीएनएचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) १०-१५ तरी ठिकाणं घ्या. कुठलं जनुकीय रूप किती वेळा येतं हे मोजायचं तर प्रत्येक पट्ट्यातून २०-३० जनावरं लागतात. एका प्रकल्पात तेवढे नमुने जमणार नाहीत, हे मार्गदर्शकांना आत्ताच सांगा.

खाडीकाठ:
म्हणजे वर्षात काही हाती लागणार नाही. आणि विविधता कमी निघालीच, तर जात संपत चालली असं म्हणायचं का?

सड्यावरून:
घाई नको. मेक्सिकोच्या वाकिटाची (डॉल्फिनसारखा छोटा सागरी सस्तन प्राणी) जेमतेम १० जनावरं उरली आहेत आणि जनुकीय विविधता फारच कमी आहे. तरी २०२२ च्या जनुकसंचाच्या अभ्यासात दिसलं, की घातक दोष बरेच आधीच गाळले गेले आहेत आणि गिलनेटमधलं (पाण्यात उभ्या सोडलेल्या मासेमारीच्या जाळ्यातलं) मरण थांबलं तर ती सावरू शकते. आपली कुबडवाली, सूसा प्लंबिया, जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. ती उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहते, नेमकी जाळी लागतात तिथेच. एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांनी, त्यामुळे दोन-चार माद्या अडकल्या तरी टोळीला भरून काढायला फार वेळ लागतो.

मचवा:
वर्षभराच्या प्रकल्पाला फोटोओळख घ्या. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात. होडी बाजूने समांतर ठेवून दोन्ही अंगांचे फोटो काढा, शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान. तोच पर दापोलीला आणि मालवणलाही सापडला, तर ये-जा आहे हे दिसलं. नाही सापडला, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. नमुने पंचनाम्यानिशी साठवत राहा, पुढच्या तुकडीला लागतील.