पंधराव्या वाढदिवशी एसेमेस बंद?

सातपूरची_मधमाशी:
आमची कंपनी दसऱ्याला पंधरा वर्षांची होतेय. नऊ माणसं, गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या. सुरुवात बटणाच्या फोनवर एसेमेस पाठवण्यापासून झाली. लासलगावचा कांद्याचा भाव आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना पावसाचा इशारा. इंग्रजी एसेमेसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि त्यात काना-मात्राही वेगळी मोजतात. ‘ढगाळ हवा, डावणीचा धोका’ (डावणी म्हणजे द्राक्षावरची बुरशी) एवढ्यातच बावीस जातात, अजून दोन ओळी लिहिल्या की कात्री. आता मालक म्हणतात, वर्धापनदिनापासून एसेमेस बंद, सगळं व्हॉट्सॲपवर. मला हा वाढदिवस नाही, तेरावं वाटतं.

हिशेबवाला:
तेरावं २०१६ च्या सप्टेंबरातच झालं, जिओ आलं तेव्हा. तुम्ही पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसलात. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनी प्रत्येक मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर एसेमेस अडतो. गारपिटीचा नवा मजकूर मंजूर होईस्तोवर गारा वितळतात. मालक बरोबर आहेत.

निफाडचा_बागवान:
दोघांचंही अर्धं बरोबर. भावाचा एसेमेस मी कधीचा वाचत नाही. लिलाव चालू असतानाच ग्रुपवर भाव येतो, ट्रॅक्टरच्या रांगेच्या फोटोसकट. हवामानाचं तसं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि ढग दाटले, की एका रात्रीत खेळ खलास होतो. आमच्या मळ्यात रेंजची एकच दांडी, नेट नाही. एसेमेस मात्र पोचतो. आणि फवारणीचं वडील बघतात, त्यांच्याकडे बटणाचाच फोन आहे.

हिशेबवाला:
वडिलांना स्मार्टफोन घेऊन द्या की.

निफाडचा_बागवान:
दिला होता. नातू गेम खेळतो त्यावर.

कोडकरी_नाशिक:
हिशेबवाले, व्हॉट्सॲप फुकट आहे असं समजू नका. कंपनीनं आपणहून इशारा पाठवायचा तर तिथंही साचा मंजूर करून घ्यावा लागतो, वर पैसे. मोकळं उत्तर द्यायचं तर आधी शेतकऱ्यानं लिहायला हवं, आणि तेही चोवीस तासांपुरतंच. म्हणजे ट्रायच्या दारातून उठून व्हॉट्सॲपच्या मालकाच्या, मेटाच्या दारात बसायचं. मी सिम्बियनसाठी, म्हणजे जुन्या नोकियाच्या फोनांसाठी ॲप लिहिलीत, ब्लॅकबेरीसाठीही. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरीच्या सेवा बंद झाल्या, तेव्हा माझं काम कचऱ्यात गेलं. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडलं की असंच होतं.

हिशेबवाला:
एसेमेस तरी कुठं तुमच्या ओसरीवर होता? टेलिकॉमवाल्यांच्याच ना! नऊ पगार कशातून काढायचे ते बोला.

कोडकरी_नाशिक:
भाव बंद करा, तो आता कुणी विकत घेणार नाही. इशारा ठेवा आणि त्याचे पैसे बागायतदाराकडून घ्या. एक फवारणी वाचली तरी वर्षाची वर्गणी निघते.

निफाडचा_बागवान:
मी देईन. महिन्याला मागू नका, वर्षाचे एकदम घ्या. आमच्याकडे पैसा माल उतरल्यावर येतो.

सातपूरची_मधमाशी:
हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, दर महिन्याला बिल पाठवत बसलो. मालकांना दाखवतो. वर्गणीसाठी मार्चात फोन करू का?

निफाडचा_बागवान:
मार्चात द्राक्षांचा खुडा चालू असतो हो. एप्रिलात करा.