पॅलिएटिव्ह वॉर्डचा दर्जा तुम्ही कशावरून ठरवता?

नाइट_ड्युटी: जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, चार वर्षं पॅलिएटिव्हला, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं कमी करायचा वॉर्ड. सहा खाटा. मागच्या आठवड्यात वरून फॉर्म आला, सेवेच्या दर्जाला पाचपैकी गुण द्या म्हणून. मी चार लिहिले, सरांनी पाच.

परवा रात्री सव्वाबाराला जबड्याच्या कॅन्सरचे आजोबा कण्हायला लागले. बोलता येत नाही, बोटांनी दुखणं सांगतात. दहापैकी नऊ बोटं दाखवली. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) मॉर्फिन चालू आहे, दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, पुढची दोनला. मध्येच दुखलं तर काय, हे चार्टवर लिहिलेलंच नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्या खिशात, रजिस्टर समोर, पण ऑर्डर नाही. ड्युटीचे डॉक्टर कॅज्युअल्टीत अपघाताच्या केसमध्ये अडकलेले. पन्नास मिनिटं गेली. आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

सकाळी राउंडला शेरा पडला, 'वेदना नियंत्रणात'. खोटं कसं म्हणू? तेव्हा आजोबा झोपलेलेच होते.

जादा डोस आधीच लिहून ठेवायची पद्धत कुणाकडे बसली आहे का?

भूलवाला: आहे. मी भूलतज्ज्ञ, आता पूर्णवेळ हेच काम. मॉर्फिनची ऑर्डर आमच्याकडे तीन ओळींचीच असते: नेहमीचा डोस, दुखणं उफाळलं तर तेवढाच जादा डोस, आणि पोट साफ राहायला बायसाकोडिल. तिसरी ओळ विसरलात तर मॉर्फिनने बद्धकोष्ठ होऊन चौथ्या दिवशी पेशंट स्वतःच गोळी नको म्हणतो. रात्री दहाचा डोस दुप्पट दिला तर बहुतेकांना दोनला उठवावं लागत नाही.

कायद्याचं कारण मात्र कुणी सांगू नये. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन ठेवायला मान्यताप्राप्त संस्थेला पूर्वीसारखे चार-पाच परवाने गोळा करावे लागत नाहीत.

आरएमओ_विदर्भ: बोलायला सोपं आहे. रात्री जादा डोस गेला आणि श्वास मंदावला, तर सही कुणाची? माझी.

नाइट_ड्युटी: सर, तोंडाने हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनमध्ये आधी गुंगी चढते, श्वास त्यानंतर मंदावतो. पेशंट हाकेला ओ देतोय का आणि श्वास किती, हे मी डोसआधी बघते आणि लिहिते. नऊ बोटं दाखवणारा माणूस गुंगीत नसतो.

तालुका_होमकेअर: आम्ही घरी जातो, त्यामुळे माझं माप वेगळं. एका मावशींच्या छातीच्या जखमेला इतका वास, की नात उंबऱ्याबाहेरच बसायची. ड्रेसिंग करताना मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणारं औषध) गोळ्या कुटून टाकायला लागलो. पुढच्या खेपेला गेलो, तर नात खाटेवर बसून वेणी घालून घेत होती. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

आणि "त्यांना काही सांगू नका" हे दारातच ऐकायला मिळतं. मावशींना सगळं माहीत होतं. मुलाला सांगू नका, असं त्यांनीच मला बजावलं होतं!

आरएमओ_विदर्भ: हाकेला ओ आणि श्वास, दोन्ही चार्टवर रकाना करून लिहिणार असाल तर मी सही करीन. तोंडी नको.

नाइट_ड्युटी: आमच्या सरांनाही तेच दाखवलं. आज सहापैकी दोन चार्टवर जादा डोसची ओळ आली, त्यात आजोबांचा एक. तो फॉर्म परत मागितला होता, चाराचे दोन करायला. क्लार्क म्हणाले, गेला वर.